पी५३ : पेशीचा ब्रेक, तो फेल करणारा व्हायरस आणि बार्शीतून जगाला मिळालेलं उत्तर

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या रस्त्यांवर रोज एकच चित्र दिसतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यावर उसाच्या मोळ्या रचलेल्या, आणि ही सगळी वरात पांडुरंग साखर कारखान्याच्या दिशेनं निघालेली. असा ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो एकच गोष्ट सांगेल. गाडी पळवायला अक्कल लागत नाही. एवढा माल घेऊन उतारावर ती थांबवता आली पाहिजे.

आपल्या शरीरातल्या पेशींचंही अगदी असंच आहे. पेशीला वाढायला सांगणारी जनुकं म्हणजे ॲक्सिलरेटर आणि थांब म्हणणारी जनुकं म्हणजे ब्रेक. कॅन्सरची गाठ तयार होते तेव्हा बहुतेक वेळा या दोन्हीकडे काहीतरी बिघडलेलं असतं. या ब्रेकवाल्या जनुकांना 'गाठ रोखणारी जनुकं' म्हणतात आणि त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं नाव आहे टीपी५३. हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते पी५३.

आता तुम्ही म्हणाल, या प्रयोगशाळेतल्या नावाचा आणि सोलापूरचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. हा ब्रेक फेल करणाऱ्या एका व्हायरसला वेळेत कसं पकडायचं, याचा जगानं मान्य केलेला पुरावा सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीच्या एका हॉस्पिटलनं शेजारच्या जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून मिळवला.

पण तिथं जाण्याआधी हे पी५३ नेमकं करतं काय, ते समजून घेऊ.

आधी ज्याला व्हिलन समजलं, तो निघाला राखणदार

गोष्ट सुरू होते १९७९ मध्ये. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, तर अमेरिकेत अर्नोल्ड लेव्हिन आणि डॅनियल लिंझर, माकडांमध्ये सापडणाऱ्या एका व्हायरसवर काम करत होते. हा व्हायरस पेशीत शिरला की पेशी बेफाम वाढायच्या. व्हायरसचं एक प्रथिन पेशीतल्याच कुठल्यातरी प्रथिनाला घट्ट चिकटून बसतंय, असं त्यांना दिसलं. इतर काही प्रयोगशाळांनाही त्याच वर्षी हे प्रथिन सापडलं.

त्याचं वजन मोजल्यावर आकडा आला सुमारे ५३ हजार डाल्टन, म्हणून नाव पडलं पी५३. गंमत म्हणजे हे वजन चुकीचं होतं. खरं वजन जवळपास ४४ हजार डाल्टन आहे. पण नाव एकदा पडलं ते पडलंच.

चूक फक्त वजनातच झाली नव्हती. कॅन्सरच्या पेशींमध्ये पी५३ भरपूर सापडायचं, त्यामुळे हेच प्रथिन कॅन्सर घडवतं असं पुढची दहा वर्षं शास्त्रज्ञ धरून चालले. १९८९ मध्ये चित्र उलटलं. बर्ट फोगेलस्टीन यांच्या टीमला आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं किंवा चक्क गायब झालेलं दिसलं. लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत तर शाबूत पी५३ पेशीत घातल्यावर बेफाम वाढ थांबली. आधीच्या प्रयोगांत वापरलेलं पी५३ मुळातच बिघडलेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

ज्याला इतकी वर्षं चोर म्हणून पकडलं होतं, तो पहारेकरी निघाला. १९९२ मध्ये लेन यांनी पी५३ ला 'जीनोमचा राखणदार' म्हटलं. पुढच्याच वर्षी 'सायन्स' या मासिकानं त्याला वर्षातला सर्वोत्तम रेणू म्हणून मान दिला.

पेशीच्या आत हा राखणदार करतो काय?

माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. त्यात अक्षरांच्या ६०० कोटींच्या आसपास जोड्या. कडक ऊन, तंबाखूचा धूर, पेशीतल्या रोजच्या रासायनिक क्रिया, अशा कारणांनी या डीएनएला दररोज हजारो ओरखडे पडतात. त्यातले बहुतेक लगेच दुरुस्त होतात. प्रश्न येतो तो दुरुस्ती व्हायच्या आतच पेशीनं स्वतःची कॉपी काढायला घेतली तर. मग चूकसुद्धा कॉपी होते.

एरवी पेशीत पी५३ फार कमी असतं. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडीत काढते. एमडीएम२ नावाचं दुसरं एक प्रथिन त्याच्यावर 'टाकून द्या' अशी चिठ्ठी लावतं आणि पेशीची घंटागाडी ते उचलून नेते. बनवायचं आणि टाकायचं, हा उधळेपणा वाटेल. पण त्यात शहाणपण आहे. ब्रेक सतत दाबलेला राहिला तर गाडी जागची हलणारच नाही. जखम भरायची असते, रक्त बनायचं असतं, मूल वाढायचं असतं.

डीएनए तुटला की मात्र कारखान्याचा भोंगा वाजावा तसा इशारा जातो. एमडीएम२ ची पकड सुटते, घंटागाडी पी५३ ला नेत नाही आणि काही मिनिटांतच पेशीत पी५३ साठू लागतं. चार-चार पी५३ एकत्र येऊन डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि इतर जनुकांना कामाला लावतात.

ही कामं मुख्यतः तीन.

पहिलं, थांबवणं. पी५३ हे पी२१ नावाचं प्रथिन तयार करायला लावतं आणि पी२१ पेशीचं विभाजन अडवतं.

दुसरं, दुरुस्ती. थांबलेल्या वेळात डीएनए सांधणारी यंत्रणा कामाला लागते. काम झालं की पेशी पुन्हा आपल्या मार्गाला.

तिसरं, सगळ्यात कठोर. नुकसान दुरुस्तीच्या पलीकडचं असेल तर पी५३ त्या पेशीला कायमची निवृत्त करतं, नाहीतर स्वतःला संपवायला सांगतं. पेशी शांतपणे स्वतःचे तुकडे करते आणि आजूबाजूच्या पेशी ते साफ करून टाकतात. उन्हात भाजल्यावर कातडीची सालपटं निघतात ना, त्यात अशा स्वतःला संपवलेल्या पेशीही असतात.

हत्तीचं शरीर एवढं अवाढव्य, पेशी माणसापेक्षा कितीतरी जास्त, आयुष्यही मोठं. तरी त्याला कॅन्सर कमी होतो. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की हत्तीकडे या जनुकाच्या २० प्रती असतात. माणसाकडे एकच, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी जोडी. एवढ्यावरच माणसाचा सगळा भार.

ब्रेक फेल होण्याचा पहिला रस्ता : जनुकच बिघडणं

माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये टीपी५३ बिघडलेलं सापडतं. काही मोजक्या कुटुंबांत हा बिघाड जन्मतःच आलेला असतो. तिथं एकाच घरात लहान वयात वेगवेगळे कॅन्सर होताना दिसतात. याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. पण असं फार थोड्या घरांत होतं. बहुतेक वेळा हा बिघाड आयुष्यात कधीतरी, एखाद्याच पेशीत होतो.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण सांगायला डॉक्टरची गरज नाही. तंबाखू, गुटखा, मावा आणि घरातल्या बायका दाताला लावतात ती मिश्री. गालाच्या आतल्या बाजूच्या आणि हिरड्यांच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केला. त्यात पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकविज्ञान संस्था होती आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र 'ॲक्ट्रेक' होतं. २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' मध्ये हे काम छापून आलं. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या त्या यादीत टीपी५३ ठळकपणे होतं.

या बिघाडात आणखी एक मेख आहे. पी५३ चौघांच्या टोळीनं काम करतं. त्यामुळे एका प्रतीतून खराब पी५३ बनायला लागलं तर ते चांगल्या तिघांच्या टोळीत घुसतं आणि सगळ्या टोळीचं काम बिघडवतं. एका नासक्या आंब्यानं अढी नासावी, तसं.

दुसरा रस्ता : ब्रेक शाबूत, पण कुणीतरी तो काढून नेतोय

आता येतो खरा मुद्दा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, म्हणजे गावाकडं ज्याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात, त्यात बहुतेक वेळा टीपी५३ जनुक तपासलं तर ते ठणठणीत निघतं. जनुक चांगलं, त्यातून बनणारं पी५३ ही चांगलं. तरी ब्रेक लागत नाही. असं का?

कारण आहे एचपीव्ही हा व्हायरस. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काहींमुळे चामखीळ येते. साधारण डझनभर प्रकार मात्र धोक्याचे. त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना जबाबदार असतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार शोधले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

व्हायरसला स्वतःची पिल्लावळ वाढवायची तर पेशी सतत विभागत राहायला हवी. पण पेशीत पी५३ बसलेलं. मग व्हायरस ई६ नावाचं प्रथिन बनवतो. हे ई६ पी५३ ला थेट मारत नाही. ते पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरतं आणि पी५३ वर तीच 'टाकून द्या' वाली चिठ्ठी लावायला लावतं. मग पेशीची स्वतःचीच घंटागाडी येते आणि पी५३ ला उचलून नेते. पेशी पी५३ बनवत राहते, ई६ ते कचऱ्यात पाठवत राहतं. १९९० मध्ये ही चाल उघड झाली.

याच वेळी व्हायरसचं दुसरं प्रथिन, ई७, पेशीचा दुसरा ब्रेक काढून टाकतं. त्याचं नाव आरबी. म्हणजे पायाचा ब्रेकही गेला आणि हँडब्रेकही गेला.

याचा सगळ्यात गाजलेला नमुना जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतोय. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी डॉक्टरांनी तिला न विचारता घेतल्या. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी 'हेला' या नावानं अजून जिवंत आहेत. त्यांत एचपीव्ही १८ आहे आणि टीपी५३ जनुक शाबूत आहे. शास्त्रज्ञांनी या पेशींमध्ये व्हायरसच्या ई६ आणि ई७ चं काम बंद पाडून पाहिलं. पी५३ परत आलं आणि इतकी वर्षं न थांबलेल्या पेशी वाढायच्या थांबल्या.

याचा अर्थ काय? व्हायरस तिथं असेपर्यंत धोका आहे. आणि व्हायरस आहे की नाही, हे तपासता येतं.

घाबरायचं किती?

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो की आयुष्यात कधीतरी बहुतेक स्त्री-पुरुषांना त्याची लागण होऊन जाते. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशोब मांडायचं काहीच कारण नाही. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून लावतं, कळतही नाही.

थोड्या स्त्रियांमध्ये तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. तिथं पी५३ नसलेल्या पेशींमध्ये चुका साचत जातात. आधी पेशींचं रूप बदलतं, मग कॅन्सरपूर्व डाग तयार होतो, आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. शरीरानं दिलेली ही फार मोठी मुदत आहे. तरीही भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्यानं जातात. मुदत असते, पण त्या मुदतीत तपासायला कुणी येत नाही.

आणि इथं येते बार्शी

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला माळशिरस तालुक्यात श्रीपूर, तर ईशान्येच्या टोकाला बार्शी. तिथं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली ही भारतातली अशा प्रकारची पहिली नोंदणी. त्याआधी कॅन्सरचे आकडे मुख्यतः शहरांतून यायचे. गावात कुणाला काय झालं, याचा हिशोबच नव्हता. बार्शीच्या लोकांनी गावोगावी जाऊन माणसांशी बोलून तो मांडला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात पुढे होता, आणि हॉस्पिटलपर्यंत त्या फार उशिरा पोचत होत्या.

मग प्रश्न आला. गावातल्या बाईसाठी कोणती तपासणी उपयोगाची? पर्याय तीन होते.

एक, पॅप टेस्ट. गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दोन, व्हीआयए. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचं. तीन, एचपीव्ही टेस्ट. नमुना घेऊन थेट व्हायरसचा डीएनए शोधायचा. पहिल्या दोन तपासण्या पेशींचं रूप बिघडलंय का ते बघतात. तिसरी मात्र पी५३ पळवणारा चोर घरात शिरलाय का, तेच बघते.

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधल्या संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांची नावं त्यात पुढे होती.

आवाका बघा. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह करून चार गटांत वाटणी. तीन गटांना वेगवेगळी एक-एक तपासणी, आयुष्यात फक्त एकदा. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त तेव्हा उपलब्ध असलेली नेहमीची आरोग्यसेवा. कॅन्सरपूर्व डाग सापडला तर त्यावर उपचार करायचे. मग आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवायचं.

२००९ मध्ये निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ६४ स्त्रिया गेल्या. एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या एका टेस्टनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढच्या टप्प्यात गेलेल्या कॅन्सरचं प्रमाणही निम्म्याहून खाली आलं. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंत एवढी ठळक घट दिसली नाही.

आणखी एक निकाल तितकाच महत्त्वाचा. ज्यांची टेस्ट निगेटिव्ह आली, त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही गटात दरवर्षी लाखामागे ३.७ होतं. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तेच १६ च्या आसपास होतं. म्हणजे 'व्हायरस नाही' हे उत्तर पुढची बरीच वर्षं भरवशाचं ठरतं. ज्या बाईला रोजगार बुडवून वारंवार दवाखान्यात येणं परवडत नाही, तिच्यासाठी याची किंमत फार मोठी आहे.

जगभरच्या आरोग्य धोरणांत एचपीव्ही टेस्टला पहिली पसंती मिळाली, त्यामागच्या पुराव्यांत या ४९७ गावांचा वाटा मोठा आहे.

पण त्या ६४ जणींचं काय?

हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. एका गटाला तपासणीशिवाय ठेवून आठ वर्षं बघत राहणं योग्य होतं का? त्यावर देशात आणि परदेशात बराच वाद झाला. अभ्यासकांचा युक्तिवाद असा होता की त्या काळी या भागातल्या बायकांसाठी नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं हीच होती. टीकाकारांचं म्हणणं होतं की तपासणीनं जीव वाचतात हे जगाला आधीच माहीत होतं.

वाद कुठल्याही बाजूनं बघा, एक गोष्ट उरतेच. या ज्ञानाची किंमत धाराशिवच्या गावांमधल्या बायकांनी मोजली आहे. उत्तर मिळाल्यानंतरही ते वापरलं नाही, तर त्याला कसलाच बचाव उरत नाही. आणि तेच घडतंय. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केल्याचं सांगितलं.

'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका'

तपासणी नसते तिथं भीती असते. आणि भीती विकता येते.

श्रीपूरसारख्या ठिकाणी उसाच्या फडात कोयता चालवायला दरवर्षी बाहेरून टोळ्या येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून पांढरं जातंय, पाळीत त्रास होतोय अशी तक्रार घेऊन गेलेल्या कितीतरी बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितलं गेलं होतं, अशा कहाण्या तेव्हा बाहेर आल्या.

आता पी५३ ची गोष्ट समजल्यावर हे किती उलटं आहे ते लक्षात येईल. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. त्याची साधी, औषधानं बरी होणारी कारणं पुष्कळ असतात. धोका आहे का, हे व्हायरसच्या टेस्टनं कळू शकतं. कॅन्सरपूर्व डाग सापडला तरी तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो आणि पिशवी जागेवर राहते. तिशीत पिशवी काढली आणि सोबत अंडाशयंही गेली, तर पाळी अकाली बंद होते, हाडं ठिसूळ होतात आणि आयुष्यभराची दुखणी मागं लागतात.

व्हायरसला दारातच अडवलं तर?

तपासणी चोर पकडते. लस त्याला घरातच शिरू देत नाही. एचपीव्हीच्या लसीत व्हायरसचा डीएनए नसतो, ई६ किंवा ई७ ही नसतं. असतं ते फक्त त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन. शरीर ते ओळखायला शिकतं आणि खरा व्हायरस आला की पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवतं. म्हणून लस लागण होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिली तर सगळ्यात जास्त उपयोगी. आधीच झालेली लागण ती बरी करत नाही.

इथंही आपल्या भागाचा वाटा आहे. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या केंद्रांमध्ये बार्शी आणि पुणे होतं. २०१० मध्ये दुसऱ्या एका एचपीव्ही लस प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारनं अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यातल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला.

अभ्यास फसला असंच वाटलं असेल. पण संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. १६ आणि १८ नंबरच्या व्हायरसची टिकून राहणारी लागण रोखण्यात एक डोस ९५.४ टक्के परिणामकारक ठरला. दोन आणि तीन डोसचे आकडेही ९३ टक्क्यांच्या पुढेमागेच होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या देशी लसीलाही २०२२ मध्येच मंजुरी मिळाली आणि २०२३ च्या जानेवारीत ती बाजारात आली.

पी५३ चं औषधच का नाही बनवत?

प्रयत्न चालू आहेत. पण एखादं प्रथिन फार जोरात काम करत असेल तर त्याला औषधानं अडवणं तुलनेनं सोपं असतं. जे मोडलंय किंवा नाहीसंच झालंय, ते पुन्हा उभं करणं फार कठीण. चीननं २००३ मध्ये पी५३ चं जनुक गाठीत सोडणाऱ्या एका उपचाराला मान्यता दिली, पण जगात तो सर्वमान्य झाला नाही. म्हणून तूर्त शहाणपण ब्रेक सांभाळण्यात आहे.

मग नेमकं करायचं काय?

घरातल्या ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. एक डोस की दोन, ते वयावर आणि सध्याच्या सल्ल्यावर ठरतं.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, काहीही त्रास नसला तरी. एचपीव्ही टेस्ट उपलब्ध असेल तर उत्तम. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे लाजेचा प्रश्न बराच कमी होतो. ती टेस्ट नसेल तर सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लस घेतली असली तरी पुढे तपासणी करावीच लागते.

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वास येणारा स्राव, यातलं काहीही असेल तर तपासणीची वाट न बघता थेट डॉक्टरकडे जा.

कुणी तपासणीशिवाय पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि तंबाखू, गुटखा, मिश्री बंद. ते थेट जनुकावरच घाव घालतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० साठी एक लक्ष्य ठेवलंय. पंधरा वर्षांच्या आतल्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ आणि ४५ या वयांत चांगल्या दर्जाची तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. हे लक्ष्य ठरवण्यासाठी लागलेले काही महत्त्वाचे आकडे बार्शीच्या कार्यकर्त्यांनी धाराशिवच्या वाड्यावस्त्यांवर फिरून जमवले होते. आता तीच टेस्ट श्रीपूरच्या फडात ऊस तोडणाऱ्या बाईपर्यंत पोचायला हवी.